देवदाराची वाटी

एप्रिलमध्ये शिल्हधारच्या माणसांना दोन प्रश्न विचारायचे नसतात. कुठे चाललात, आणि कुठून आलात. एरवी हीच माणसं तुमच्या जावयाच्या स्वभावापासून तुमच्या गुडघ्यांपर्यंत सगळ्याची चौकशी करतात. पण वरच्या उतारांवरचं बर्फ विरघळून देवदारांखालची माती उघडी पडली की गाव एकदम मुकं होतं. बायका पाठीला किल्टा, म्हणजे बांबूची निमुळती टोपली, अडकवून निघतात, मुद्दाम भलत्याच वाटेने शंभर पावलं जातात, खोकतात, मागे बघतात आणि मग वळतात. गुच्छी, म्हणजे रानातली महागडी अळंबी, उगवायची जागा प्रत्येकीची वेगळी आणि प्रत्येकीची गुपित. सख्ख्या मुलीलाही ती सांगायची ते पाय चालेनासे झाल्यावर.

कुंदा भोइटे फलटणची. तिच्या आळीत पिशवीत काय आहे हे कोपऱ्यापर्यंत तीन जण विचारतात आणि चौथा हात घालून बघतो. त्यामुळे हिमाचलातल्या या गावाची रीत तिला पहिल्याच वर्षी आवडून गेली. गंमत एवढीच, की ती रीत मोडण्यासाठीच तिला इथे आणलेलं होतं.

आणलं होतं तिच्या मुलीने. शाल्मली एकतीस वर्षांची, पुण्याच्या एका कंपनीत वनस्पतिशास्त्रज्ञ आणि या गुच्छीच्या प्रकल्पाची प्रमुख. कुंदा तिच्या हाताखालची यंत्रं सांभाळणारी बाई. "आई, कामावर मला शालू म्हणायचं नाही," असं मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बरं, मॅडम," कुंदा म्हणाली होती. तेव्हापासून ती चारचौघांत तिला मॅडमच म्हणे, पण अशा काही सुरात, की शाल्मलीला वाटावं, शालूच बरं होतं.

कुंदाचं शिक्षण बारावीपर्यंतचं. पुढचं सगळं मोडकी यंत्रं उघडून आणि मिळतील ती पुस्तकं वाचून झालेलं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती वीस वर्षं उसाचा रस तपासत होती. प्रत्येक खेपेचा ऊस तोडायचा, पिळायचा, थेंब काचेवर घ्यायचा आणि गोडी बघायची. एक दिवस तिच्या मनात आलं, मधुमेहाच्या माणसाचं बोट टोचून साखर कळते, तर उसाचं का नाही? तीन वर्षं खटपट करून तिने केसाएवढी बारीक सुई बनवली. सुईच्या टोकाला साखर ओळखणारं विकर, म्हणजे एन्झाइम, लावलेलं, साखर आली की तिथे इवलासा विद्युत्प्रवाह जागा होणार. अशा दोन सुया बोटभर अंतरावर टोचायच्या, एक लाल दोऱ्याची, एक पिवळ्या दोऱ्याची. गोडी आधी कुठल्या सुईला लागली यावरून ती कुठून कुठे चालली आहे ते कळतं. ऊस उभाच राहतो आणि आपली गोडी सांगतो. त्या सुयांसाठीचा संगणकावरचा प्रोग्राम शालूने लिहून दिला होता. तेव्हा ती कॉलेजात होती आणि आईला फार हसायची.

दहा वर्षांनी तीच सुई देवदाराच्या मुळाशी पोचली.

गुच्छी दिसायला मधमाशीच्या पोळ्याला देठ फुटावं तशी. आतून पोकळ, वासाला धूर आणि ओली माती. पण जमिनीवर दिसते ते फक्त तिचं फळ. खरी गुच्छी म्हणजे मातीत पसरलेले बुरशीचे तंतू, कापसाच्या धाग्याहून बारीक, एका झाडाच्या मुळापासून दुसऱ्याच्या मुळापर्यंत गेलेले. देवदार वर उन्हात साखर बनवतो, सालीच्या आतल्या पदराने ती खाली मुळांना पाठवतो, आणि मुळाच्या टोकाशी हे तंतू वाटी घेऊन उभेच असतात. तंतू ती साखर घेतात आणि बदल्यात मातीच्या फटीफटींतून, जिथे मुळाचं जाड बोट शिरत नाही तिथून, पाणी आणि क्षार आणून देतात. उरलेली साखर स्वतःच्या गाठी बांधून साठवतात. मातीत चण्याएवढ्या कठीण गाठी सापडतात त्या याच. चीनमध्ये काही जातींच्या गुच्छींची शेती होऊ लागली होती, पण देवदाराखालची ही जात कुणाला बधत नव्हती. मनात आलं तर येई, नाहीतर पाच-पाच वर्षं तोंड दाखवत नसे.

तिच्या मनात कधी येतं, ते शाल्मलीने शोधून काढलं. झाडाकडून येणारी साखर अचानक थांबली की बुरशी घाबरते. आपलं घर आता चालत नाही असं तिला वाटतं. मग ती साठवलेल्या सगळ्या गाठी मोडते आणि वसंतात फळं वर पाठवते, बीज लांब उडून जावं म्हणून. हे कळल्यावर शाल्मलीने थंड पट्टा बनवला. ऑक्टोबरात देवदाराच्या बुंध्याला तो आठ दिवस गुंडाळायचा. सालीचा आतला पदर पट्ट्याने बर्फाएवढा गार होतो आणि साखर वाटेतच गोठल्यासारखी थांबते. कुऱ्हाड नाही, औषध नाही. आठ दिवसांनी पट्टा काढला की झाड पुन्हा पूर्वीसारखं.

आणि या एप्रिलमध्ये, पट्टे बांधलेल्या बारा देवदारांखाली गुच्छीचा खच पडला. पाय ठेवायला जागा नाही. बायका किल्टे भरून थकल्या आणि एकमेकींच्या देखत गुच्छी वेचताना अवघडून गेल्या, सार्वजनिक नळावर आंघोळ करावी तशा. रविवारी गावच्या महिला समितीची सभा होती. समितीने हो म्हटलं की येत्या ऑक्टोबरात चार हजार झाडांना पट्टे बसणार होते. कुठली झाडं, तेही सुयांनी टिपलं जाणार होतं. मग नकाशावर सगळंच दिसणार होतं, कुणाचं गुपित उरणार नव्हतं.

शाल्मली त्या आठवड्यात कामात असताना गुणगुणत होती. कुंदाने तिला दहावीच्या निकालानंतर गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

कुंदा राहायची कौलाअम्माच्या घरी, वरच्या लाकडी खोलीत. अम्मा पंचाहत्तरीची, पाठीत वाकलेली, आणि चालायला लागली की कुंदाला धाप लागावी अशी. अम्माची पहाडी, कुंदाची फलटणी हिंदी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी, असा त्यांचा संसार चालला होता. अम्माच्या घरात एक पितळी वाटी होती. तिच्यातून ती कुंदाला तूप पाठवी, कधी अक्रोड, कधी सिड्डूचा, म्हणजे वाफवलेल्या भरल्या पावाचा, तुकडा. कुंदा वाटी परत करताना तिच्यात शेंगदाण्याची चटणी घाली, नाहीतर फलटणहून आणलेल्या गुळाचा खडा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हे दोघींनाही आपापल्या घरून माहीत होतं. त्याबद्दल बोलणं कधी झालंच नाही. फक्त शाल्मली कधी वाटी परत न्यायची तर ती घासून, लखलखीत, रिकामी.

"अगं, भांडं असं उघड्या तोंडाने पाठवतात का?" कुंदा म्हणायची.

"आई, तिचं भांडं तिला स्वच्छ मिळालं. अजून काय पाहिजे?"

बुधवारी सकाळी अम्मा वर आली. हातात वाटी नव्हती. ती उंबऱ्यावर बसली आणि बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली.

"कुंदा बेटी, तू साखरेची डॉक्टर आहेस ना?"

"सुईवाली आहे, अम्मा. डॉक्टर मॅडम."

"मॅडम नको. तू चल. एक जण आजारी आहे माझ्याकडे."

आजारी माणूस घर सोडून रानात का राहतो, हे कुंदाला निघताना कळेना. आधी दोघी नाल्याच्या बाजूला गेल्या. तिथे अम्मा खोकली, तिने मागे बघितलं आणि उलटी फिरली. तेव्हा कुंदाच्या लक्षात आलं की आपल्याला कुठे नेलं जातंय. एवढा मान तिला कारखान्याने वीस वर्षांच्या नोकरीत दिला नव्हता.

पट्टे बांधलेल्या झाडांच्या वरच्या अंगाला, चाळीसेक पावलांवर, खडकाच्या आड एक देवदार होता. तीन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, पण वरचा सगळा भाग गेलेला. अकरा वर्षांपूर्वी बर्फाचा कडा कोसळला, त्याने डोकंच नेलं. एका अंगाला एकच फांदी उरली होती, हिरवी, छत्रीएवढी.

"हा माझा म्हातारा," अम्मा म्हणाली. "माझ्या सासूने दाखवला. याची चूल अकरा वर्षं पेटलेली नाही, बघ, पानंच नाहीत. पण दर वर्षी जेवतो. कुठे जेवतो, मी कधी विचारलं नाही. पायाशी दोन-चार गुच्छी येतात, एक नेते, बाकीच्या त्यालाच ठेवते. यंदा एकही नाही. आणि ही फांदी बघ."

फांदीची टोकं पिवळी पडली होती.

कुंदाने खाली बसून माती हलक्या हाताने उकरली, मूळ शोधलं, लाल दोऱ्याची सुई मुळात आणि पिवळ्या दोऱ्याची तंतूंच्या पांढऱ्या जाळीत टोचली. हातातल्या पडद्यावर आकडा आला. झाड देतंय: दोन.

कुंदा हसली. "अम्मा, तुझा म्हातारा मोठा दानशूर आहे. स्वतःच्या घरात कण नाही आणि शेजाऱ्याकडे डबे पोचवतोय."

मग तिचं हसू जरा रेंगाळलं आणि गेलं. साखर पानात बनते. छत्रीएवढ्या फांदीने एवढा बुंधाही पोसला जाणार नाही, मग द्यायला आणली कुठून? तिला वाटलं, सुया उलट्या लागल्या असाव्यात. तिने त्या काढल्या आणि अदलाबदल करून पुन्हा टोचल्या. आता आकडा उणे यायला हवा होता.

झाड देतंय: दोन.

तिने पुन्हा बदलल्या. दोन. कशाही लावा, झाड देतच होतं.

कुंदा मातीतच मांडी घालून बसली. तिला फलटणचा ट्रॅक्टरचा तळ आठवला, आणि उसाच्या मोळ्यांत घाईघाईने वाट्टेल तशा सुया खुपसणारे मुकादम. निम्मे आकडे उणे यायचे आणि हिशेबनीस डोकं धरून बसायचा. मग तिनेच शालूला सांगितलं होतं, "उणे आलं की सुई उलटी लागली असं समजायचं आणि सरळ अधिक करून टाकायचं. ऊस काय, दिलेली गोडी परत घेतो होय?" शालूने एक ओळ लिहिली आणि तळावरची कटकट मिटली. ती ओळ पुढे दहा वर्षं प्रोग्रामबरोबर गुपचूप प्रवास करत देवदारापर्यंत आली होती.

कुंदाच्या पिशवीत तळाला तिचा पहिला मीटर असे, काट्याचा, मायेने ठेवलेला. त्याला प्रोग्राम ठाऊक नव्हता. तिने तारा जोडल्या. काटा थरथरला आणि डावीकडे झुकला.

म्हातारा देत नव्हता. म्हाताऱ्याला कुणीतरी भरवत होतं.

"काय म्हणतो?" अम्माने विचारलं.

"जेवतोय, अम्मा. पण वाढणारीच्या पातेल्यात तळाचंच राहिलंय."

तो दिवस कुंदाने ते पोटात ठेवलं. तिला सगळं दिसत होतं. रविवारची सभा, पुण्याहून पडद्यावर येणारे वरिष्ठ, शालूची इस्त्री करून ठेवलेली खादीची साडी. आणि हे मोडायला कारण काय, तर आईची एक ओळ. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? झाडं बोलत नाहीत, आणि अम्मा तर विचारतही नाही. संध्याकाळी तिने शालूच्या आवडीचं चिंचगुळाचं वरण केलं. शालूने दोनदा भात घेतला, गुणगुणत ताट उचललं, आणि कुंदाने आपलं भरलं ताट तसंच झाकून ठेवलं.

गुरुवारी सकाळी ती शाल्मली राहायची त्या वनखात्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात गेली. शाल्मली सभेसाठीची चित्रं लावत होती.

"मॅडम, शालू आहे का?"

शाल्मलीने वर बघितलं. आईचा चेहरा बघून तिने संगणक बाजूला केला. "आहे. बोल."

"कारखान्यासाठी लिहिलेली ती ओळ अजून आहे का गं त्यात? उण्याचं अधिक करणारी."

"असेल. का?" आणि मग, संगणक पुन्हा पुढे ओढत, "आई, का?"

कुंदाने सगळं सांगितलं, जागा सोडून. ऐकून झाल्यावर शाल्मलीने ती ओळ शोधली, पुसली आणि दोन वर्षांचे सगळे आकडे पुन्हा चालवले. पडद्यावरचा आलेख उन्हाळाभर जिथे होता तिथेच राहिला. मार्च आला तशी रेघ वळली आणि शून्याच्या खाली उतरली. बारापैकी बाराही झाडांची.

कुणी कधी न पाहिलेलं चित्र होतं ते. उन्हाळ्यात देवदार बुरशीला साखर देत होते. आणि मार्चमध्ये, बर्फ विरघळताना, मुळं नवी टोकं फोडायला आतुर आणि वरची पानं अजून थंडीने आखडलेली, घरात गोडीचा खडखडाट, तेव्हा बुरशी आपल्या गाठी मोडून तीच साखर मुळांना परत करत होती. गोडी जिथे जास्त तिथून जिथे कमी तिथे जात होती, आणि तंतू सगळ्यांना जोडलेले, म्हणून एका झाडाची साखर दुसऱ्याला, धडधाकटाची मोडक्याला. पहिल्या वसंतात हे पाच आठवडे चाललं होतं. पट्ट्यानंतरच्या वसंतात नऊ दिवस. मग शून्य. बुरशीने उरलेल्या सगळ्या गाठी फळांत ओतल्या होत्या.

ते नऊ दिवस झाडाने देण्याचे समजून शाल्मलीने एक खास चित्र केलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'पट्ट्यामुळे झाडावरचा भार कमी.' ती ते चित्र बघत राहिली.

"गावजेवण घालून घर बंद केलं बुरशीने," ती म्हणाली. "आणि मी ताटं मोजत होते."

कुंदा तिच्या शेजारी टेकली.

"आई, ती ओळ तू सांगितलीस म्हणून मी घातली होती."

"हो."

"दिलेली गोडी कुणी परत करतं का, म्हणालीस."

"उसाबद्दल म्हणाले होते. उसाबद्दल बरोबरच होतं ते." मग कुंदा हळू आवाजात म्हणाली, "सुई कारखान्याच्या बाहेर धाडताना ती ओळ काढून घ्यायला हवी होती मी. राहिली."

"तू काल वर गेली नसतीस तर?"

"चार हजार पट्टे बसले असते."

"ते नाही विचारत मी." शाल्मलीने संगणक मिटला. "मला एकदा काहीतरी धडपणे जमलं होतं गं."

कुंदाला तिला जवळ घ्यायचं होतं. पण एकतीस वर्षांच्या मॅडमला व्हरांड्यात जवळ कसं घ्यावं हे तिला सुचेना, म्हणून तिने खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलून तिच्या खांद्यावर टाकली. "शालू, तू दोन वर्षं या सुया जिवासारख्या सांभाळल्यास म्हणून हे पकडलं गेलं. तू पट्टा बांधून तिला अडचणीत आणलंस, म्हणून ती काय-काय करते ते दिसलं. वाढणारीचा हात आजवर कुणाला दिसला नव्हता. तू ते आकडे फेकून दिले नाहीस, जपून ठेवलेस. फक्त वाचायचे राहिले होते."

शाल्मलीने नाक पुसलं. "मला ते झाड बघायचंय."

"ते मी नाही दाखवू शकत."

"आई."

"जागा माझी नाही. अम्माला विचार."

शाल्मली उठून आत गेली. कोनाड्यात अम्माची पितळी वाटी होती, परवाच्या तुपाची, घासून पालथी घातलेली. तिने ती उचलली, दारापर्यंत गेली, थांबली आणि परत फिरली. डब्यातून फलटणच्या गुळाचा मोठा खडा काढून तिने वाटीत ठेवला, तो वाटीच्या बराच वर आला, तशीच ती निघाली.

अम्मा अंगणात धान्य निवडत होती. तिने वाटी बघितली, गुळाचा खडा बघितला, मॅडमचे लाल डोळे बघितले.

"अम्मा," शाल्मली म्हणाली, "माझ्यामुळे तुमचा म्हातारा उपाशी राहिला. मला भेटू द्याल त्याला?"

अम्माने गूळ चाखला. "चढ अवघड आहे," ती म्हणाली. "हे बूट चालणार नाहीत." आणि आपल्या सुनेचे बूट काढून तिच्यापुढे ठेवले.

आधी त्या नाल्याच्या बाजूला गेल्या, आणि शाल्मलीला वाटलं, म्हातारीला वाट आठवत नाहीये.

रविवारी तिने साडी नेसली, सभेत उभी राहिली आणि पट्टे बसणार नाहीत असं सांगितलं. का, तेही सांगितलं, उलटलेल्या आलेखासकट, एका ओळीच्या चुकीसकट. ओळ कुणी सांगितली ते मात्र म्हणाली नाही. पडद्यावरचे पुण्याचे वरिष्ठ बराच वेळ हलले नाहीत, तेव्हा नेट गेलंय असं सगळ्यांना वाटलं. गेलं नव्हतं. एवढ्या गुच्छी पुन्हा मिळणार नाहीत हे बायकांना कळलं होतं, आणि ते सोपं नव्हतं. मग मागून एक जाडजूड आवाज आला, "म्हणजे नकाशाही नाही ना?"

"नकाशाही नाही," शाल्मली म्हणाली, आणि सभेत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

पट्टे ट्रकमधून परत गेले. कंपनीने शाल्मलीला काही महिने विश्रांती घ्यायला कळवलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. तिने पुण्याला परत न जाता उन्हाळाभर आकडे पुन्हा-पुन्हा तपासले आणि सगळे जगासमोर ठेवले. कुठल्या कुठल्या देशांतून माणसं विचारू लागली, सुई कुणी बनवली? ती उत्तर द्यायची, "माझ्या आईने. बारावी." कुंदाचं म्हणणं पडलं की बारावी लिहायची गरज नव्हती.

पण म्हातारा वाळत होता, आणि त्या बारा झाडांखालच्या मातीत चाळूनही एक गाठ सापडत नव्हती.

उपाय शाल्मलीला चीनच्या शेतकऱ्यांकडून सुचला. ते लोक शेतात गुच्छीचे तंतू पसरले की त्यावर उकडलेल्या गव्हाच्या पिशव्या पालथ्या ठेवतात. तंतू पिशवीत शिरतात, गव्हातला कस ओढून घेतात आणि मातीत गाठी बांधतात. ते करतात ते गुच्छीसाठी. शाल्मलीला गुच्छी नको होती. तिला रिकाम्या झालेल्या कोठीत दाणा भरायचा होता. बारा झाडांखाली थोडी बुरशी कुठेतरी जिवंत असलीच, तर ती घेईल. नसली, तर गहू कुजेल.

ऑक्टोबरात, जेव्हा पट्टे बांधायचे होते तेव्हा, गावातल्या अकरा बायका, कुंदा आणि शाल्मली मिळून गहू उकडत बसल्या. अम्माने आपल्या शेतातला दिला. "आयुष्यभर झाडाखालून आणलं," एक बाई पिशवी शिवता-शिवता म्हणाली, "काही घेऊन जायची ही पहिलीच वेळ." अम्मा पुढच्या पिशवीत गहू भरत होती. तिच्यासाठी ती पहिली वेळ नव्हती बहुतेक.

मग बर्फ पडलं आणि मार्चपर्यंत कुणाच्या हातात काही राहिलं नाही. कुंदा फलटणला जाऊन नवऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी करून आली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिघी निघाल्या. आधी नाल्याच्या बाजूला शंभर पावलं. तिथे शाल्मली खोकली, तिने मागे बघितलं आणि वळली. कुंदाने अम्माकडे बघितलं. अम्माने जणू काही पाहिलंच नाही.

म्हाताऱ्याची फांदी अर्धी गेली होती. अर्धी हिरवी होती. शाल्मलीने गुडघे टेकून माती बाजूला केली, लाल सुई मुळात टोचली, पिवळी तंतूंत. तंतू होते. गेल्या वर्षीइतके नाहीत, पण होते, पांढरे, ओलसर, मुळाला बिलगलेले. पडद्यावर आधी शून्य आलं. शून्यच राहिलं. मग आकडा हलला.

उणे एक. थोड्या वेळाने, उणे तीन.

शाल्मलीने सुया काढून उलट्या लावल्या. अधिक तीन. पुन्हा सरळ केल्या. उणे तीन. ती टाचांवर बसली आणि दोन्ही मातकट हात मांडीवर ठेवून त्या बुंध्याकडे वर बघत राहिली, लहानपणी पहिल्यांदा हत्ती बघताना बसली होती तशी.

"काय म्हणतो?" अम्माने विचारलं.

"जेवतोय, अम्मा," शाल्मली म्हणाली. "आपला गहू जेवतोय."

बुंध्याच्या मागच्या अंगाला, खडकाच्या ओलाव्यात, तीन गुच्छी उगवल्या होत्या. अम्माने त्या आधीच बघून ठेवल्या होत्या. तिने एक देठापाशी अलगद कापली, दोन तशाच ठेवल्या, आणि किल्ट्यातून पितळी वाटी काढून गुच्छी तिच्यात ठेवली. वाटी तिने मॅडमच्या हातात दिली.

शाल्मलीने नको म्हटलं नाही. परत येताना ती वाटी दोन्ही हातांत धरून चालत होती, आणि मधेच थांबून आईला विचारत होती, "गूळ संपला का गं? चटणी आहे? की काहीतरी नवीनच करू?"

उताराखाली शेजारची एक बाई किल्टा घेऊन वर येताना भेटली. तिने शाल्मलीच्या गुडघ्यांवरची ओली माती बघितली, हातातली वाटी बघितली. शाल्मलीने ओढणीचा पदर वाटीवर ओढून घेतला.

"थंडी आहे अजून," बाई म्हणाली.

"आहे," शाल्मली म्हणाली, आणि दोघी आपापल्या वाटेने गेल्या.